शाळेची उधारी

सप्टेंबरचा पहिला आठवडा संपला की इंग्लंडमधल्या बऱ्याच प्राथमिक शाळा घरी एक पान पाठवतात. या सत्रात तुमचं मूल काय काय शिकणार, ते त्यावर विषयवार चौकटी आखून लिहिलेलं असतं. माझी लेक यंदा दुसरीत गेली. (इथल्या दुसरीतलं मूल सहा-सात वर्षांचं असतं.) ते पान मी कौतुकाने फ्रिजवर लावलं आणि नीट वाचलं ते चार दिवसांनी, दूध उतू जायची वाट बघत उभी असताना. तुम्ही अमेरिकेत असा नाहीतर दुबईत, घरात शाळेत जाणारं मूल असेल तर असं एखादं पान तुमच्याही फ्रिजवर असेल.

गणिताच्या चौकटीत दोन, पाच आणि दहाचे पाढे, दोन अंकी बेरीज-वजाबाकी. विज्ञानात लाकूड, काच, धातू, कापड, म्हणजे कुठली वस्तू कशाची करतात आणि का. इंग्रजीत रोजनिशी लिहिणं आणि विशेषणं. इतिहासात लंडनची मोठी आग, १६६६. पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की ही आग इतिहासाच्या चौकटीत राहिलेलीच नाही. रोजनिशी लिहायची ती सॅम्युअल पेप्सच्या थाटात, कारण त्या आगीचं आँखो देखा वर्णन त्याने लिहून ठेवलंय. चित्रकलेत केशरी-पिवळ्या रंगावर काळ्या कागदाची घरं. हस्तकलेत पुठ्ठ्याची घरं, आणि शेवटी ती मैदानात रांगेने मांडून बाईंच्या देखरेखीखाली पेटवायची. संगीतात आगीचंच गाणं. विज्ञानातसुद्धा लाकूड पेटतं, वीट पेटत नाही, हे ओघाने येणारच. वाऱ्याने ती आग लंडनभर पसरली होती, इथे ती वेळापत्रकभर पसरली.

मला हे मनापासून आवडलं. आमच्या शाळेत घंटा झाली की इतिहास संपायचा आणि भूगोल सुरू व्हायचा, आणि या दोघांची कधी ओळख असेल असा संशयही आम्हाला यायचा नाही.

पण पुढच्या दोन-तीन आठवड्यांत माझी एक वेगळीच पंचाईत झाली. मी एका विद्यापीठात काचेवर संशोधन करते. तीन वर्षांचा करार, तेवढ्याच मुदतीचा व्हिसा, ही पोस्टडॉक मंडळींची कुंडली तुम्हाला ठाऊक असेलच. तर लेक एके संध्याकाळी म्हणाली, ''आई, काच लाकडासारखीच घन असते.'' आता काचेतले अणू स्फटिकासारखे शिस्तीत बसलेले नसतात, द्रवातल्यासारखे विस्कटलेले असतात आणि तसेच जागच्या जागी अडकून पडतात. या एका गोष्टीवर माझं पोट चालतं. मी म्हटलं, ''हो.'' दुसऱ्या दिवशी म्हणाली, ''लहान आकड्यातून मोठा वजा होतच नाही.'' तेव्हाही मी ''हो'' म्हटलं. आणि अक्षरांचे उच्चार वर्षभर घोटवून घेतल्यावर शाळेनेच पाठवलेली, नियम मोडणाऱ्या शब्दांची यादी तिच्याकडून पाठ करून घेतली, ती तर मीच.

मोठ्यांनी लहानांना जाणूनबुजून अर्धं सांगणं हे खोटं बोलणंच आहे का? लॅबमध्ये मी कोणी आकडा अर्धा सांगितला तर भांडते. घरी मात्र रोज अर्धं सांगते आणि रात्री शांत झोपते.

मी मनाची समजूत घातली ती अशी. गावातल्या किराणा दुकानात वही असायची. महिनाभर उधारीवर सामान आणायचं आणि पगाराला चुकतं करायचं. शाळाही तेच करते. ऋण संख्या इथे चौथीत येतात. शून्याच्या खाली कसं मोजायचं ते तेव्हा शिकवतात. म्हणजे 'लहानातून मोठं जात नाही' ही उधारी दोन वर्षांत फिटते. काचेची फिटायला जास्त वर्षं लागतील, पण ज्याला त्या वाटेने जायचंय त्याची फिटते. बाईंना ठाऊक असतं की हे खातं पुढे कोणाच्या वर्गात चुकतं होणार आहे. याला मी खोटं म्हणणार नाही. हा धीर आहे.

मग ऑक्टोबर आला आणि इतिहासाचं खातं उघडलं.

लेक काय काय शिकली ते सांगते. आग २ सप्टेंबरला पहाटे पुडिंग लेनमधल्या टॉमस फॅरिनरच्या बेकरीत लागली. घरं लाकडाची आणि एकमेकांना खेटून, उन्हाळा कोरडा, वारा पूर्वेचा. चार दिवसांत तेरा हजारांवर घरं आणि ८७ चर्च जळाली. नोंदलेले मृत्यू मात्र अगदी थोडे. पेप्सने आपलं परमेजान चीज बागेत खड्डा खणून पुरलं. हे चीज म्हणजे सगळ्या प्रकरणाचा नायक. आमच्याकडे दोन आठवडे फ्रिजमधलं चीज कुंडीत पुरण्याच्या वाटाघाटी चालू होत्या.

शनिवारी तिला गोष्टी पुरवाव्यात म्हणून मी थोडं वाचायला बसले आणि रॉबर्ट ह्यूबर्ट भेटला. फ्रेंच घड्याळजी. आग विझत होती तेव्हा लंडनमधले लोक 'हे परक्यांचं काम' म्हणत रस्त्यावर फ्रेंच आणि डच माणसांना गाठून मारत होते. ह्यूबर्ट पकडला गेला आणि त्याने कबुली दिली की आग मीच लावली. जबानी दर वेळी बदलत होती, ऐकणाऱ्यांनाही ती पटत नव्हती. आरोपावर सह्या करणाऱ्यांत बेकरीवाल्या फॅरिनरच्या घरचे लोक होते. ऑक्टोबरमध्ये त्याला टायबर्नला फाशी दिलं. नंतर उघड झालं की तो इंग्लंडला पोचला तोच मुळी आग लागल्यावर दोन दिवसांनी.

आगीच्या स्मारकावर १६८१ साली दोष कॅथलिक लोकांवर टाकणारी ओळ कोरण्यात आली. ती कायमची खोडायला १८३० उजाडलं. आणि बेकऱ्यांच्या संघटनेने आपल्याच माणसाच्या भट्टीतून आग लागली हे पाटी लावून मान्य केलं १९८६ साली.

यातलं काहीही त्या पानावर नव्हतं, वर्गातही झालं नाही. यात बाईंची चूक आहे असं मला वाटत नाही. तीस मुलं, वय सहा, त्यातली निम्मी कुठून कुठून आलेली. तिथे 'जमावाने परक्यांना मारलं' हे वाक्य कसं उच्चारायचं? ऐकणारं मूल आधी शेजारच्या बाकाकडे बघेल. मला तरी ते जमलं नसतं.

पण ही उधारी आधीच्यांसारखी नाही, आणि का ते समजायला मला वेळ लागला. एक तर ती फेडायची तारीखच नाही. पुढच्या वर्षांत अश्मयुग येईल, रोमन येतील, व्हायकिंग येतील. १६६६ कडे परत फिरून कोणी येत नाही. जेवणाच्या सुट्टीत मी इथेच वाढलेल्या सहकाऱ्यांना विचारलं. सगळ्यांना चीज आठवत होतं, ह्यूबर्ट एकालाही नाही. शिवाय काचेबद्दल अर्धं सांगितलं तर काचेच्या अणूंवर काही अन्याय होत नाही. इथे गाळलेल्या जागेत एक माणूस आहे.

रविवारी हे सगळं मी बाबांना फोनवर जरा तावातावाने सांगितलं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, कित्येक वर्षं चौथीला शिकवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ''१६६६ च्या ऑगस्टमध्ये काय झालं, सांग बघू.''

आग्र्याहून सुटका. हे आपल्यापैकी कोणाला झोपेतून उठवून विचारलं तरी येईल. मिठाईचे पेटारे, पलंगावर पांघरूण घेऊन झोपलेला हिरोजी. पेटाऱ्यांचा वास अजून माझ्या नाकात आहे.

''आणि त्र्यंबकपंत डबीर, रघुनाथपंत कोरडे?'' बाबा म्हणाले.

महाराज निसटल्यावर हे दोघे आग्र्यात पकडले गेले. त्यांचे हाल हाल केले, आणि ते सुटले पुढच्या वर्षी. मला त्यांची नावं ऐकल्यासारखी वाटली, त्यापलीकडे काही नाही.

''तुम्ही वर्गात सांगायचात का, बाबा?''

''सुरुवातीला सांगायचो. मग एक पोरगं रात्री दचकून उठायला लागलं, त्याची आई शाळेत आली. त्यानंतर नाही सांगितलं.'' थोडं थांबून म्हणाले, ''तुलाही नाही सांगितलं बघ. घरी सांगता आलं असतं.''

फोन ठेवल्यावर मला स्वतःचीच थोडी शंका आली. ह्यूबर्टसाठी माझा जीव तुटत होता तो सत्यासाठी, की व्हिसावर राहणाऱ्या बाईला यजमानांच्या घरातली भेग सापडल्याचं सुख होतं त्यात? कोरड्यांना शोधायला मी वयाच्या पस्तिशीपर्यंत कधी निघाले नव्हते. तुम्हीही मुलांना रविवारच्या मराठी शाळेत नेत असाल, शिवजयंतीला फेटा बांधत असाल. तिथल्या आपल्या वहीत काय काय मांडून ठेवलंय आणि ते फेडणार कोण, हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. शाळेला वेळ नसतो, तिच्यासमोर तीस जण असतात. आईबापांसमोर एकच असतं, आणि ते कधी घाबरतं हे त्यांना कळतं. म्हणून ही उधारी आपल्या नावावर असावी असं मला वाटतं. मात्र दोन्हीकडची, फक्त यजमानांची वसूल करायची नाही.

सत्राच्या मधल्या सुट्टीत आम्ही लंडनला गेलो आणि स्मारक चढलो. ३११ पायऱ्या. दोनशेनंतर लेकीने मोजणं सोडलं आणि मी श्वास. खाली उतरून बाकावर बसून डब्यातले पराठे खाताना मी तिला ह्यूबर्टची गोष्ट सांगितली. फाशी हा शब्द वापरला नाही, 'त्याला मारून टाकलं' म्हटलं. जमावाचंही सांगितलं, थोडक्यात. मग आग्र्यात मागे राहिलेल्या दोघांचं सांगितलं.

आग्र्याबद्दल तिने इतकंच विचारलं की ते दोघे घरी पोचले ना. पोचले, म्हटलं. ह्यूबर्टपाशी मात्र ती अडली.

''पण त्याने केलंच नव्हतं, तर केलं असं का म्हणाला?''

मी म्हटलं, नक्की कोणालाच माहीत नाही. काहींना वाटतं, त्याचं मन ठिकाणावर नव्हतं. कदाचित तो घाबरला असेल.

तिने पराठ्याची कड तोडून बाजूला ठेवली. ''मीपण एकदा म्हटलं होतं,'' ती म्हणाली. ''पहिलीत. रंगाची बाटली मी सांडली नव्हती. पण सगळे माझ्याकडेच बघत होते.''

हे मला माहीत नव्हतं. पहिलीच्या कुठल्या सत्रात, कुठल्या तासाला, ते विचारलं तर तिला आठवेना. मग ती म्हणाली, रंग निळा होता, आणि सांडला कोणी ते तिने पाहिलं होतं.