वाचण्याची परवानगी

२००६ सालची गोष्ट. मी तेव्हा मिरजेच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवत होतो. एका संध्याकाळी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी आपल्या आपाचा हात धरून घरी आला. त्याला जन्मापासून दृष्टी नाही. चहापाणी झाले आणि मग तो मुद्द्यावर आला. "सर, शेख महंमदांवरचं तुमचं पुस्तक आपा मला कॅसेटवर वाचून देणार आहे. वसतिगृहात माझ्यासारखी आणखी चौघं आहेत. त्यांनाही त्या कॅसेटच्या प्रती काढून दिल्या तर चालेल ना?"

मला आनंद झाला. आपले पुस्तक कोणी ऐकून का होईना वाचू पाहते, याहून लेखकाला काय हवे? पण मी मास्तर माणूस. म्हटले, "माझी ना नाही बेटा, पण हक्क प्रकाशकांकडे आहेत. त्यांना विचारावं लागेल." दुसऱ्या दिवशी मी पत्र टाकले, महिन्याने दुसरे टाकले. उत्तर आले नाही. परीक्षा होऊन गेली आणि मीही तो विषय विसरून गेलो.

आठ-नऊ वर्षांनी सांगलीच्या एसटी स्टँडवर त्याने मला आवाजावरून ओळखले. तो शिक्षक झाला होता. बोलता बोलता म्हणाला, "सर, एक कबुली द्यायचीय. ते पुस्तक आम्ही तेव्हा कॅसेटवर घेतलं होतं. तुमचा निरोप येईना, परीक्षा जवळ आली. पाचही जणांनी ऐकलं. चोरी झाली सर, माफ करा."

तो हसत बोलत होता, पण 'चोरी' हा शब्द त्याने गंमत म्हणून उच्चारला नव्हता. माझेच पुस्तक वाचल्याबद्दल माझा विद्यार्थी माझी माफी मागत होता. त्या दिवसापासून मला प्रश्न पडला आहे : त्या पाच जणांना चोर कोणी केले?

वाचकांनी क्षणभर विचार करावा. आपण दुकानातून पुस्तक विकत घेतो किंवा वाचनालयातून आणतो आणि वाचू लागतो. त्यासाठी लेखकाला पत्र लिहून आपण कधी परवानगी मागतो का? डोळस माणसाचे वाचणे हा हक्क आहे. तेच वाचन दृष्टिहीन माणसाला करायचे झाले, तर आधी पुस्तकाचे रूप बदलावे लागते. ते ब्रेलमध्ये उठवावे लागते, ध्वनिमुद्रित करावे लागते, किंवा संगणक वाचू शकेल अशी त्याची फाइल करावी लागते. रूप बदलले की नक्कल झाली आणि नक्कल झाली की कायदा आडवा आला. मग जे आपल्यासाठी हक्क, तेच त्याच्यासाठी मेहेरबानी होते.

याचा अर्थ लेखकाचा हक्क खोटा आहे, असे मी म्हणत नाही. इल्मला मालक नसतो, ते अल्लाहची देणगी आहे, तेव्हा कॉपीराइट कसला, असे आपल्याकडे अनेकदा ऐकू येते. बोलायला ते छान वाटते. पण लेखकाने रात्री जागून काढलेल्या असतात, प्रकाशकाने कागदाचे आणि छपाईचे पैसे घातलेले असतात. मुंबईच्या फूटपाथवर नकली प्रती विकणारा काही ज्ञानदान करत नसतो, तो दुसऱ्याची मजुरी खात असतो. मुस्लिम धर्मपंडितांमध्येही यावर मतभेद होते. शेवटी १९८८ मध्ये कुवेतच्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने लेखकाचा हक्क शरियतला मान्य आणि संरक्षणास पात्र असल्याचा निर्णय दिला. मजूर आणि लेखक यांत मला फरक वाटत नाही. मजुरी बुडवणे वाईटच.

पण मजुरीचा हक्क वेगळा आणि दार बंद ठेवण्याचा हक्क वेगळा. माझ्या प्रकाशकाने ब्रेल प्रत कधी काढली नव्हती, काढणारही नव्हता. त्या पाच कॅसेटींमुळे त्याची एकही प्रत विकायची राहिली नाही. म्हणजे नुकसान कोणाचेच नव्हते, तरीही बंदी होती. ज्या बंदीने कोणाचा फायदा होत नाही आणि पाच जणांचे वर्ष धोक्यात येते, तिला न्याय कसे म्हणावे?

इतिहासात डोकावले तर एक विचित्र गोष्ट दिसते. छापखाना येण्यापूर्वी ज्ञान बरेचसे कानावाटे जात असे. उस्ताद सांगत आणि शागीर्द ऐकून पाठ करत. त्या मैफलीत आंधळा आणि डोळस एकाच चटईवर बसत. दहाव्या-अकराव्या शतकातला अरबी कवी अबुल अला अल-मअर्री याची दृष्टी लहानपणी देवीच्या रोगाने गेली, तरी तो अरबीतल्या मोठ्या विद्वानांपैकी एक झाला. त्याच्यावर १९१४ मध्ये कैरोत ज्याने प्रबंध लिहिला, तो ताहा हुसेनही बालपणापासून दृष्टिहीन होता. पुढे पॅरिसला शिकताना त्याची पत्नी सुझान त्याला ग्रंथ वाचून दाखवी. १९५० मध्ये तो इजिप्तचा शिक्षणमंत्री झाला आणि शिक्षण हे हवापाण्यासारखे सर्वांना मिळाले पाहिजे असा त्याने आग्रह धरला. वाचून दाखवणारे कोणी भेटले नसते, तर हा माणूस त्याच्या खेड्याबाहेर कोणाला माहीत झाला असता का? छापखान्याने आपल्यासारख्यांना पुस्तके स्वस्त करून दिली. पण त्याच पुस्तकाने दृष्टिहीनांना चटईवरून उठवले. लुई ब्रेलची लिपी एकोणिसाव्या शतकात आली खरी, पण ब्रेल प्रती महाग, अवजड आणि मोजक्याच.

जागतिक अंध संघटनेने या स्थितीला 'पुस्तकांचा दुष्काळ' म्हटले. तिच्या अंदाजानुसार श्रीमंत देशांतही प्रकाशित पुस्तकांपैकी दहा टक्क्यांपेक्षा कमी पुस्तके अंधांना वाचता येतील अशा रूपात मिळत, गरीब देशांत एक टक्कासुद्धा नाही. त्यात पुन्हा सरहद्दींची अडचण. एका देशात तयार झालेली ब्रेल प्रत दुसऱ्या देशात पाठवणे बेकायदा ठरू शकत होते. त्यामुळे एकाच इंग्रजी पुस्तकाच्या ब्रेल प्रतीसाठी वेगवेगळ्या देशांतल्या संस्था तीच मेहनत आणि तोच पैसा पुन्हा पुन्हा खर्च करत होत्या.

२००९ मध्ये ब्राझील, इक्वाडोर आणि पॅराग्वे या देशांनी जागतिक बौद्धिक संपदा संघटनेपुढे कराराचा मसुदा ठेवला. तो अंधांच्या संघटनेनेच तयार केला होता. प्रकाशन आणि चित्रपट व्यवसायातल्या बड्या मंडळींनी खळखळ केली. आज अंधांसाठी अपवाद केला तर उद्या विद्यार्थ्यांसाठी, परवा ग्रंथालयांसाठी करावा लागेल, ही त्यांची भीती. अखेर २७ जून २०१३ रोजी मोरोक्कोतल्या मराकेश शहरात करार संमत झाला. त्या शहरातली बाराव्या शतकातली कुतुबिया मशीद पुस्तकविक्रेत्यांच्या नावाने ओळखली जाते, कारण तिच्या भोवती पुस्तकांचा बाजार भरत असे. पुस्तकांच्या दुष्काळावरचा करार पुस्तकांच्या मशिदीच्या गावात व्हावा, हा योगायोग मला मोलाचा वाटतो.

कराराचा गाभा साधा आहे. दृष्टिहीन, डिस्लेक्सियासारख्या अडचणीमुळे छापील मजकूर वाचू न शकणारे, किंवा हातात पुस्तक धरता न येणारे, या सर्वांसाठी हक्कधारकाला न विचारता सुलभ प्रत काढता येते आणि ती दुसऱ्या सदस्य देशात पाठवता येते. भारताने २०१४ मध्ये सर्वांत आधी या कराराला मान्यता दिली. वीस देश झाल्यावर ३० सप्टेंबर २०१६ पासून तो अमलात आला. त्याआधीच, २०१२ मध्ये, आपल्या १९५७ च्या कायद्यात दुरुस्ती होऊन अशी सवलत स्पष्ट शब्दांत आली होती. अपंग व्यक्तीच्या वापरासाठी कोणीही, किंवा नफा न घेणारी संस्था, सुलभ प्रत काढू शकते. म्हणजे माझा विद्यार्थी स्टँडवर माफी मागत होता, तेव्हा अशी प्रत काढणे कायद्याने केव्हाच निर्दोष ठरवले होते. त्याला ते ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते.

बड्यांची ती भीती आपल्याकडे दिल्लीत कोर्टात गेली. विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या लहानशा दुकानावर २०१२ मध्ये तीन मोठ्या विदेशी प्रकाशकांनी दावा लावला. अभ्यासक्रमातल्या उताऱ्यांच्या झेरॉक्स बांधून तिथे विद्यार्थ्यांना मिळत. विद्यार्थी स्वतः खटल्यात उतरले. अमर्त्य सेन यांच्यासारख्या लेखकाने प्रकाशकांना दावा मागे घेण्याची विनंती केली. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले की, स्वामित्वहक्क हा काही ईश्वरदत्त किंवा निसर्गदत्त हक्क नव्हे. ज्ञान वाढावे म्हणून समाजाने तो दिला आहे. शिकवण्याच्या ओघात, त्या हेतूला लागेल तेवढी नक्कल कायद्याला मंजूर आहे. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा सोडला.

शिक्षणासाठी मात्र मराकेशसारखा जागतिक करार अजून झालेला नाही. १८८६ च्या बर्न करारात अध्यापनासाठी थोडी मोकळीक आहे. १९६७ मध्ये स्टॉकहोमला भारतासारख्या नव्या देशांनी जास्त मागितले. १९७१ मध्ये जे पदरात पडले, त्याच्या अटी इतक्या किचकट की फार थोड्या देशांनी त्याचा उपयोग केला. इथे प्रश्नही जरा नाजूक आहे, हे मान्य करायला हवे. अंधांसाठी काढलेल्या प्रतीने कोणाचे पोट मारले जात नाही. पण पाचशे प्रतींची आवृत्ती काढणाऱ्या मराठी लेखकाचे पाठ्यपुस्तक अख्खे झेरॉक्स झाले, तर दुसरी आवृत्ती निघणार नाही. म्हणून कसोटी एकच असावी : या नकलेने कोणाची भाकरी हिसकावली जाते, की नुसते बंद दार उघडते?

कायदा झाला म्हणजे पुस्तक हाती आले असे नाही. माझ्या पुस्तकाचेच घ्या. प्रकाशकाकडे त्याची फाइल होती, पण ती जुन्या फॉन्टमध्ये. आपल्या मराठी छपाईत वर्षानुवर्षे चाललेले ते फॉन्ट डोळ्यांना मराठी दिसतात, पण वाचून दाखवणाऱ्या संगणकाला ती निरर्थक अक्षरे वाटतात. पानांचे फोटो काढून केलेली पीडीएफही त्याच्यासाठी कोरीच. फाइल युनिकोडमध्ये असेल तरच तो सरळ वाचतो. मराठीत लिहिणाऱ्या आपल्या मुस्लिम लेखकांची पुस्तके बहुधा लहान प्रकाशनांची, एकाच आवृत्तीची. ती संपली की डोळसांनाही मिळत नाहीत, मग दृष्टिहीनांपर्यंत कोण नेणार? आपण स्वतः. पुस्तक छापायला देताना युनिकोड फाइल जपून ठेवावी आणि अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेला ती आपणहून द्यावी. इल्म ही अमानत आहे असे आपण म्हणतो. अमानत मागण्याची वाट पाहायची नसते.

मी ते उशिरा केले. जुनी फाइल कामाची नव्हती, म्हणून भाच्याकडून पुस्तक पुन्हा टाइप करून घेतले आणि त्या विद्यार्थ्याला पाठवले. आठवड्याने त्याचा फोन आला. मला वाटले, आभार मानेल. तो म्हणाला, "सर, तिसऱ्या प्रकरणात एक ओळ दोनदा आलीय. कॅसेटच्या वेळीही आपा तिथं अडखळली होती. तेव्हा सांगता आलं नाही." मी छापील प्रत उघडून पाहिली. खरेच होते. इतक्या वर्षांत एकाही डोळस वाचकाने ती चूक मला दाखवली नव्हती.