ढिला पडणे आणि ढील देणे

येडशीच्या रामलिंगाकडे दरीत उतरताना सोबतचे वृद्ध गृहस्थ मध्येच थांबले आणि गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "सांधे ढिले पडले हो आता". त्या एका उद्गाराने माझे चित्त देवदर्शनावरून उडून व्याकरणात जाऊन बसले.

'ढिला' हे संस्कृत 'शिथिल' याचेच प्राकृतातून झिजत आलेले रूप. शिथिलाच्या मुळाशी 'श्रथ्' हा सैल करण्याचा अर्थ असलेला धातू मानतात, आणि ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात बद्ध शुनःशेप आपले पाश सैल करण्याची वरुणाला जी याचना करतो, तीही याच धातूने. मुक्तीच्या प्रार्थनेतला शब्द अखेर आमच्या गुडघ्यांच्या वाट्याला यावा, याचा अर्थ शक्ती सरणे आणि बंध सुटणे ही एकच गोष्ट आहे, असा घ्यावयाचा काय?

मराठी तसे मानीत नाही. दोर सैल पडतो, पतंगाला मात्र ढील देतात. अंग गळते, पण शवासनात ते सैल सोडावे लागते. पतंजलीने आसनसिद्धीसाठी सांगितलेले प्रयत्नशैथिल्य या दुसऱ्या जातीचे. इंद्रिये थकली की वैराग्य आले, अशी समजूत करून घेणारे वृद्ध (त्यांत मीही लवकरच मोडेन) या दोन क्रियापदांची गल्लत करतात. सुंभ जळतो, पीळ तसाच राहतो. मुलकी दफ्तराच्या भाषेत बोलायचे तर दुष्काळी साली साऱ्याची तहकुबी निराळी आणि माफी निराळी: तहकुबीत वसुली थांबते, बाकी खात्यावर उभीच असते. जरेने विषयवासनेला मिळते ती तहकुबी.

रामलिंगाला जटायूची समाधी दाखवतात. रावणाने पंख छाटल्यावर त्या वृद्ध पक्ष्याची गात्रे ढिली पडली, यात त्याच्या इच्छेचा प्रश्नच नव्हता. परंतु राम येईपर्यंत आणि सीतेचे वर्तमान रामाच्या कानी घालीपर्यंत त्याने प्राण धरून ठेवले, आणि मगच सोडले. 'गेले' आणि 'सोडले' यांतील अंतर मला तेथे, त्या गृहस्थांची वाट पाहत बसलो असता, कोणत्याही भाष्यापेक्षा स्पष्ट दिसले. भरताने दशरथाला अग्नी दिला तेव्हा राम वनात होता. जटायूला मात्र रामाने स्वतःच्या हाताने अग्नी दिला, असे वाल्मीकी सांगतात.