कुष्ठरोग हा पापाचा दाखला होय काय?

पापाचें स्वरूप श्रोत्यांस समजावून देतांना कुष्ठरोगाचा दाखला देण्याची चाल आपल्या उपदेशकांत फार जुनी आहे. हा रोग नकळत शिरतो, अंग बधिर करतो, पसरत जातो, मनुष्यास मनुष्यापासून तोडतो, आणि त्यावर मनुष्याच्या हातीं औषध नाहीं. पापाचेंही तसेंच, असें सांगण्यांत येतें. दाखला सोपा आहे, व खेड्यांतील मंडळीस तो तत्काळ समजतो. परंतु दाखला सोपा असणें निराळें, आणि तो खरा असणें निराळें. जेथें हा उपदेश चालतो तेथें एखादे वेळीं त्याच रोगानें बोटें आंखडलेला बंधु मागच्या चटईवर बसलेला असतो. त्याच्या कानीं पडणारी वाणी कोणाची? तारणाऱ्याची कीं फिर्यादीची? म्हणून, कुष्ठरोगास पापाची प्रतिमा करणें ख्रिस्ती उपदेशकास योग्य आहे काय, याचा विचार येथें करूं.

प्रथम रोगाची हकीकत पाहूं. पूर्वीं युरोपांतील पुष्कळ नामांकित वैद्य हा रोग आनुवंशिक आहे असें मानीत. इ. स. १८७३ सालीं नॉर्वे देशांतील बर्गेन शहरीं आर्मौअर हान्सेन या वैद्यास रोग्यांच्या अंगावरील गांठींत काठीच्या आकाराचे सूक्ष्म जंतु आढळले, व हेच रोगाचें कारण असें त्यानें प्रतिपादन केलें. हा जंतु अतिशय मंदगति आहे. एकाचे दोन होण्यास त्यास सुमारें दोन आठवडे लागतात. आणि शरीरांत शिरल्यापासून चिन्ह दिसेपर्यंत सरासरी पांच वर्षें, क्वचित् वीस वर्षेंही लोटतात. शरीराचे थंड भाग त्यास मानवतात. म्हणून त्वचा, नाक, कान व त्वचेजवळील मज्जातंतु यांत तो घर करतो.

बोटें कुजून गळतात ही समजूत खरी नव्हे. मज्जातंतु निकामी झाले म्हणजे वेदना कळत नाहीं. मग चुलीवरचें तापलेलें भांडें उचलतांना हात भाजतो, पायांत कांटा रुततो, जखम चिघळते, आणि कळ येत नसल्यामुळें मनुष्य तसाच राबत राहतो. अशा वारंवारच्या इजांनीं बोटें झिजतात. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत १९४६ सालीं आलेले डॉ. पॉल ब्रँड यांनीं ही गोष्ट दाखवून दिली, व आंखडलेले हात शस्त्रक्रियेनें पुन्हां कामाचे केले.

औषध नाहीं, हें म्हणणेंही आतां असत्य ठरलें आहे. डॅप्सोन हें औषध १९४० नंतरच्या दशकांत वापरांत आलें. पुढें जंतु त्या एकट्यास दाद देईनासे झाले; तेव्हां १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासमंडळानें रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन व डॅप्सोन हीं औषधें एकत्र देण्याची पद्धति ठरविली. रोग थोडा असल्यास सहा महिने व अधिक असल्यास बारा महिने औषध नेमानें घेतलें म्हणजे रोगी बरा होतो. सरकारी आरोग्य केंद्रांत तें फुकट मिळतें. उपचार सुरू झाल्यावर त्या रोग्यापासून इतरांस भय राहत नाहीं. बहुतेक मनुष्यांच्या अंगीं या जंतूस परतविण्याची शक्ति उपजतच असते. उपचार न घेतलेल्या रोग्याच्या दीर्घ व निकट सहवासानें बाधा होऊं शकते. हात मिळविल्यानें, शेजारीं बसल्यानें किंवा एका पंक्तीस जेवल्यानें ती होत नाहीं.

मग दाखल्यांत उरलें काय? पाप मनुष्य करतो. जंतु मनुष्यास लागतो. पापाचा दोष करणाऱ्यावर येतो. ज्यास कधीं आला हेंही कळलें नाहीं अशा जंतूचा दोष रोग्यावर कसा यावा?

यावर कोणी म्हणेल कीं, मिर्याम, गेहजी व उज्जीया राजा यांस पापामुळें कोड फुटलें असें शास्त्रांत आहे. होय, परंतु त्या तीन विशेष न्यायाच्या गोष्टी आहेत, सर्वांसाठीं नियम नव्हे. गेहजीची गोष्ट ज्या अध्यायांत आहे त्याच अध्यायांत नामानाची आहे, आणि त्याच्या रोगास कोणतेंही पाप कारण सांगितलेलें नाहीं. शिवाय लेवीयाच्या १३ व्या व १४ व्या अध्यायांत तोच मूळ इब्री शब्द कपड्यांवरील व घराच्या भिंतींवरील चट्ट्यांसही लाविला आहे. कपडा व भिंत पाप करीत नाहींत. त्या शब्दाचा अर्थ आजच्या कुष्ठरोगाहून पुष्कळ विस्तृत होता, हें यावरून उघड होतें.

शुभवर्तमानांकडे वळावें. पक्षघाती मनुष्यास प्रभूनें पापक्षमेचें वचन दिलें. कुष्ठरोग्यांस त्यानें शुद्ध केलें, परंतु त्यांच्या पापाचा उच्चार एकदांही केला नाहीं. मार्काच्या पहिल्या अध्यायांतील रोग्यास आधीं स्पर्श झाला, मग तो शुद्ध झाला. जन्मांधाविषयीं, पाप कोणाचें, असें शिष्यांनीं विचारलें असतां प्रभूनें तो आरोपच नाकारिला. पूर्वजन्मींच्या कर्माचें फळ म्हणून ज्यास गांवानें वेशीबाहेर घातलें, त्यासच मंडळीनें पापाची मूर्ति म्हणून दाखवावें, तर आपल्या शुभवर्तमानानें त्याच्यासाठीं बदललें काय?

दुसरी शंका आईबापांची आहे. लेंकरांस जपणें हा आपला धर्म नव्हे काय? निःसंशय आहे. परंतु जपणें व झिडकारणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. जपावयाचें तर घरांतील सर्वांची तपासणी करून घ्यावी. रोग्याच्या सहवासांतील निरोगी माणसांस रिफाम्पिसिनची एक मात्रा देण्याची शिफारस २०१८ सालापासून आहे. झिडकारल्यानें मात्र उलटें घडतें. लाजेनें मनुष्य चट्टा झांकून ठेवतो. औषधावांचून दिवस जातात. हात वांकडे होतात, आणि जवळच्यांस बाधा होते. रोग दूर राहावा म्हणून बाळगलेलें भयच अशा रीतीनें रोगास घरांत लपवितें. त्या लाजेंत आपल्या उपदेशानें भर घालूं नये.

कायद्यानेंही आपली भाषा बदलली आहे. रोग्यांस वेगळें कोंडण्याविषयींचा १८९८ चा कायदा २०१६ सालीं रद्द झाला. आणि ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोटाच्या कायद्यांतून कुष्ठरोग हें कारण २०१९ सालीं काढण्यांत आलें.

तेव्हां उपदेशक बंधूंनो, पापाविषयीं बोलतांना प्रभूनें स्वतः दिलेले दाखले पुरेसे आहेत: न फिटणारें कर्ज, हरवलेलें मेंढरूं, घर सोडून गेलेला पुत्र. कोणाच्या अंगावर फिकट किंवा तांबूस, स्पर्श न कळणारा चट्टा दिसला तर त्याजबरोबर आरोग्य केंद्रापर्यंत चालत जा. उपचार पुरा झाल्यावर उरलेलीं आंखडलेलीं बोटें ही जुन्या इजेची खूण आहे, जिवंत रोगाची नव्हे. त्या बोटांनीं प्रभुभोजनाचा प्याला धरला तर कोणी मागें सरूं नये.

मिर्यामेची गोष्ट पुरी वाचावी. ती दोषी ठरली होती व सात दिवस छावणीबाहेर होती. तरी ती आंत येईपर्यंत लोकांनीं आपला तळ हलविला नाहीं. दोषी ठरलेल्या एका स्त्रीसाठीं सारें इस्राएल थांबलें. मग ज्याचा कांहींच दोष नाहीं अशा बंधूसाठीं आपल्या चटईवर जागा करणें आपणांस जड कां वाटावें?