खाट उचलणारे चौघे



संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूम गावातील एका घराची हकिगत आहे. प्रभू येशू घरी आला आहे असे कळताच दारापाशी पाय ठेवायलाही जागा उरत नाही. तेवढ्यात चौघे जण एका पक्षाघाती माणसाला खाटेवर घालून आणतात. दारातून वाट मिळत नाही, म्हणून ते छपरावर चढतात, छप्पर उसकटतात आणि खाट आत सोडतात. येशूने त्यांचा विश्वास पाहिला, असे मार्क लिहितो. एकट्या रोग्याचा नव्हे, खाट वाहून आणणाऱ्यांचाही. त्या रोग्याच्या तोंडी तर मार्कने एक शब्दही घातलेला नाही.

बरे करणारा गावात आला आहे, तरी आजारी माणूस त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. ही अडचण कफर्णहूमपुरती नाही.

१६ जुलै १९९१ रोजी मुंबईच्या इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशन या संस्थेने भारतीय रेल्वेच्या साहाय्याने 'लाइफलाइन एक्स्प्रेस' ही रुग्णालयाची आगगाडी सुरू केली. तिचा पहिला मुक्काम त्या वेळच्या बिहारमधील, म्हणजे आताच्या झारखंडमधील खलारी येथे होता. प्रारंभी तीन डबे होते. २०१६ मध्ये कर्करोगाच्या तपासणी व उपचारांसाठी डबे वाढले आणि ते सात झाले. गाडी एखाद्या लहान स्थानकात काही आठवडे उभी राहते. मोतीबिंदू, दुभंगलेले ओठ, पोलिओने वाकडे झालेले पाय, कानाचे विकार यांवर तेथे विनामूल्य शस्त्रक्रिया होतात. शल्यविशारद मोठ्या शहरांतून स्वखुशीने येतात आणि मोबदला घेत नाहीत.

पण रुळांवर गाडी उभी राहिली म्हणजे काम झाले असे नाही. ज्याला दिसत नाही तो स्थानकापर्यंत कसा येणार? गाडी येणार ही बातमी पाड्यापाड्यांवर कोणी तरी पोहोचवावी लागते. आलेल्यांची तपासणी करून शस्त्रक्रियेला योग्य कोण ते निवडावे लागते. बरोबरच्या नातेवाइकांना जेवण हवे, निजायला जागा हवी. गाडी निघून गेल्यावर डोळ्यांत थेंब घालायचे, पायाचा व्यायाम करून घ्यायचा, हे गावातच व्हायचे असते. म्हणून जिल्हा प्रशासन, स्थानिक दाते आणि स्वयंसेवक यांच्याशिवाय ही गाडी चालत नाही. वर्तमानपत्रांत छायाचित्र मात्र गाडीचे येते!

आता आपल्या पालघर जिल्ह्याकडे पाहू. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर एक माता मुदतीपूर्वी प्रसूत झाली. तिची जुळी बाळे दगावली. रक्तस्राव होत असलेल्या त्या मातेला घरच्यांनी झोळीत घालून सुमारे तीन किलोमीटर पायी नेले, कारण पाड्यापर्यंत रस्ता नव्हता. ती वाचली. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, फिरती वैद्यकीय पथकेही आहेत. पण वाहन रस्त्यावरच धावते. रस्ता संपला की पुढे माणसाचा खांदाच लागतो. रस्ता मागणे हेही आरोग्यसेवेचेच काम आहे, असे मला वाटते.

आपल्याकडील मंडळे दुर्गम भागांत आरोग्य शिबिरे भरवतात, त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. मात्र एका दिवसाचे शिबिर, मोठा फलक आणि रक्तदाबाच्या पंधरा दिवसांच्या गोळ्या, एवढ्यावर भागत असेल तर सोळाव्या दिवशी त्या आजीने काय करावे? रक्तदाबाचे औषध रोज घ्यावे लागते. साध्या क्षयरोगाचे औषधही सहा महिने चालते. त्या चौघांनी खाट दारापर्यंत आणली आणि गर्दी पाहून तेथेच ठेवून ते परतले असते, तर आपण त्यांना काय म्हटले असते?

वसईच्या धर्मग्रामांत निवृत्त परिचारिका आहेत, औषधांच्या दुकानांचे मालक आहेत, रविवारी दारात उभ्या असणाऱ्या मोटारी आहेत. जव्हार-मोखाड्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत आणि गावोगाव आशा सेविका आहेत. या दोन्हींची गाठ पडायला हवी. नवे वाहन विकत घेण्याचा विचार त्यानंतर करता येईल.

शिबिराचे नियोजन करणाऱ्यांनी म्हणून तारीख ठरवण्यापूर्वी तेथील आशाताईंना भेटावे. ती त्याच गावची असते. कोणत्या घरी म्हातारा खाटेला खिळला आहे, कोणती सून सातव्या महिन्यात आहे आणि पावसात कोणता ओढा अडतो, हे तिला विचारावे. मग दर महिन्याला ठरलेल्या वारी कोण जाणार, त्यांची नावे लिहून काढावीत. सुरुवातीला चार नावे पुरतील.