न उगवलेली सरकी

जालना हे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला सरकी ओळखायला शिकवावं लागत नाही. तेच पोर जीवरसायनशास्त्र शिकायला विद्यापीठात जातं आणि एक दिवस कपाशीच्या कोवळ्या पानातून डीएनए काढायला बसतं.

काम चिकाटीचं आहे. पान वाटलं की त्यातली पॉलिफेनॉल तपकिरी पडून डीएनएला चिकटतात, म्हणून द्रावणात आधीच पीव्हीपी नावाचं रसायन घालतात. मग क्लोरोफॉर्म, शेवटी थंडगार आयसोप्रोपेनॉल. नळी हलकेच उलटसुलट केली की पांढुरके धागे तरंगू लागतात.

हाच का जीव?

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात असाच एक प्रयोग आहे. बारा वर्षं शिकून श्वेतकेतू मोठ्या ताठ्यात घरी परततो. वडील उद्दालक त्याला वडाचं फळ आणायला सांगतात. फळ फोड. आतली बी फोड. काय दिसतं? काहीच नाही. त्या न दिसणाऱ्या सूक्ष्मातूनच हा प्रचंड वड उभा आहे, असं वडील सांगतात. आणि तेच तू आहेस, असंही.

यावरून ऋषींना डीएनए ठाऊक होता असं म्हणणारे बरेच भेटतात. तसं म्हणण्याने उपनिषदाचाही अपमान होतो आणि प्रयोगशाळेचाही. डीएनए २६० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात मोजता येतो, नॅनोग्रॅममध्ये लिहिता येतो. उद्दालकाचं ते सूक्ष्म ‘सत्’ ज्याचं वजन करता येईल असं नाहीच.

आपल्याकडे दुसरी बाजूही जुनी आहे. चार्वाकांचं म्हणणं असं, की किण्वात, म्हणजे आंबवणात, जिन्नस मिसळले की जशी मादकता उपजते, तसंच चार भूतं एकत्र आली की चैतन्य उपजतं. वेगळा आत्मा मानायचं कारण नाही. दृष्टांत किण्वाचाच निघावा, हे विलक्षण. कारण १८९७ साली जर्मनीत एडुआर्ड बुखनर यांनी यीस्टच्या पेशी वाळूबरोबर चिरडल्या, त्यांचा रस गाळला, आणि जिवंत पेशी नसताना त्या रसात साखर आंबली. आंबण्याला जीवशक्ती लागते ही समजूत तिथे ढासळली. आधुनिक जीवरसायनशास्त्र तिथून सुरू झालं असं मानतात.

मग चार्वाक जिंकले का? अर्धेच. आंबण्याची क्रिया रसात चालली, पण त्या रसातून नवं यीस्ट जन्मलं नाही.

समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. त्यांच्या दासबोधाची सुरुवातच श्रोत्यांच्या प्रश्नाने होते. जीवरसायनशास्त्राच्या वर्गातही एक प्रश्न मोकळेपणाने विचारला जावा: जीव घटकांत असतो, की त्यांच्या जुळणीत? परीक्षेत त्याला गुण नसतील, तरीही.

पेरणीआधी शेतकरी शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि काही दिवसांनी उघडून कोंब मोजतात. काही बिया तशाच राहतात. त्या न उगवलेल्या सरकीतूनही डीएनए निघतो, अक्षरांचा क्रम तोच असतो.