सार्वजनिक आसन आणि आपले पाय

कांहीं प्रश्न दिसावयास इतके क्षुल्लक असतात कीं, नीतिविचारांत त्यांस स्थान द्यावें कीं नाहीं, असा संशय पडतो. विमानतळावरील विश्रांतिकक्षांत खुर्चीसमोर असलेल्या मऊ, बैठ्या तिवईवर पाय ठेवावे काय, शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पिशवी ठेवावी काय, हे प्रश्न त्यांपैकींच होत. परंतु जी वस्तु सर्वांची आहे व म्हणून कोणा एकाची नाहीं, तिच्याशीं मनुष्य कसा वागतो, यावरून त्याच्या नीतीची परीक्षा होते. कारण तेथें मालकाचा धाक नसतो आणि बहुधा ओळखीची भीडहि नसते. शिवाय हा प्रश्न केवळ विमानानें जाणाऱ्यांचा नव्हे. शहापूरच्या एस. टी. स्थानकांतील बाकावर, आसनगांवच्या लोकलमध्यें, किंवा आगगाडी अद्याप न पोहोंचलेल्या मुरबाडहून कल्याणास निघालेल्या गाडींत तोच प्रश्न रोज उभा राहतो. तेथें तिवई नसते. म्हणून समोरचें आसनच तिवई होतें, इतकाच काय तो फरक.

वाटसरूसाठीं आसन ही कल्पना या मुलखास नवी नाहीं. मुरबाडहून माळशेजकडे जातांना वैशाखरे गांव लागतें व तेथून पुढें नाणेघाटाची चढण सुरू होते. घाटमाथ्याशीं सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं कोरलेलें लेणें असून त्यांत भिंतीलगत बसण्यासारखे दगडी ओटे आहेत. भिंतींवर सातवाहन राजकुलाचा प्रसिद्ध ब्राह्मी लेख आहे. त्याचा विषय यज्ञ व दान हा आहे. ओट्यावर कोणीं व किती वेळ बसावें, हा नव्हे. तो नियम लिहून ठेवण्याची गरजच नसावी. घाट चढून आलेल्या मनुष्याचा थकवा हाच त्याचा परवाना, आणि थकवा गेला कीं परवाना संपला, असें मानणेंच सयुक्तिक आहे. सार्वजनिक आसनावरील हक्क गरजेंतून उत्पन्न होतो, गरजेइतकाच असतो व गरजेबरोबर संपतो, हें या प्रश्नाचें पहिलें तत्त्व म्हणतां येईल.

तथापि, थकवा सर्वांना सारखा येत असला तरी बसण्याची मुभा सर्वांना सारखी नव्हती. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबई कायदेमंडळांत सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेले व चालविलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या वर्गांस खुल्या असाव्या, असें त्यांत म्हटलें होतें. धर्मशाळेंत टेकण्यासाठीं कायदेमंडळाचा ठराव लागावा, यावरूनच आसनाचा प्रश्न किती क्षुल्लक होता तें समजावें. अमेरिकेंतील माँटगोमेरी शहरांत १ डिसेंबर १९५५ रोजीं रोझा पार्क्स या बाईंनीं बसमधील आपली जागा गोऱ्या उतारूसाठीं सोडण्याचें नाकारलें व त्यांना अटक झाली. तेथेंहि वाद एका आसनाचाच होता.

अशा समाजांत ‘जो आधीं येईल तो बसेल’ हा नियम मोठा न्यायाचा होता. १८६१ सालीं कसाऱ्यापर्यंत आगगाडी आली, तेव्हां तिकिटावर जात लिहिलेली नव्हती. मानपानाच्या जागीं केवळ क्रम आला, हा लाभ थोडका नव्हे. म्हणून या नियमाची थट्टा करणें आम्हांस मान्य नाहीं. पण चांगल्या नियमाचाहि आत्मा निघून जाऊं शकतो. गाडी फलाटास लागण्यापूर्वींच खिडकींतून रुमाल टाकून जागा धरली जाते, तेव्हां तो नियम थकलेल्याचा न राहतां चपळाचा होतो. मागून सावकाश येणाऱ्या वृद्ध आईसाठीं मुलानें जागा धरिली, तर तिच्या थकव्यासाठींच धरिली. तीस आम्ही दोष देणार नाहीं. धडधाकट मित्रासाठीं धरलेली जागा मात्र दुसऱ्या कोणाच्या थकव्यावर धरलेली असते.

यावर सज्जनांचें एक ठरलेलें उत्तर असतें: “कोणीं मागितली तर आम्ही लगेच देतों.” हें उत्तर प्रामाणिक असतें, आणि आमच्या मतें खरी उणीव येथेंच आहे. या दोन्ही तालुक्यांत ठाकूर, कातकरी, वारली यांची वस्ती मोठी आहे. पाटी घेऊन बाजारास आलेली म्हातारी बाकावरील पिशवीकडे पाहते आणि निमूटपणें भिंतीशीं जमिनीवर बसते. ती मागत नाहीं. मागूं नये, हें तिला पिढ्यान्‌पिढ्या शिकविलेलें आहे. ‘मागितल्यास देऊं’ या अटीमुळें जागा मिळते ती मागण्याचें धैर्य असलेल्यास, म्हणजे बहुधा आपल्यासारख्यासच. तेव्हां आसन रिकामें असणें पुरेसें नाहीं. तें रिकामें दिसलें पाहिजे. मागण्यापूर्वींच पिशवी मांडीवर घेणें, हें सौजन्य नसून कर्तव्य आहे.

आतां पायांविषयीं. आपल्याकडे पादपीठ हें राजचिन्ह होतें; मांडलिकांचे मुकुट त्यावर टेकत, असें वर्णन संस्कृत काव्यांत वारंवार येतें. उलट, सामान्य मनुष्याचा पाय चुकून दुसऱ्यास वा पुस्तकास लागला, तर तो तत्काळ हात जोडतो. असा संकोच ज्यांच्या अंगवळणीं पडला आहे, त्यांनींच बुटांसह पाय समोरच्या आसनावर ठेवावे, हें आश्चर्य आहे. त्या आसनावर थोड्या वेळानें एखादें मूल गाल टेकून निजेल. ज्यांचे पाय सुजतात, त्या वृद्धांना व गर्भवती स्त्रियांना पाय वर घेणें ही चैन नसून गरज आहे. त्यांनीं संकोच करूं नये. इतरांनीं बूट काढावे, आणि कोणी उभें असेल तर तिवई ही तिवई नसून आसन आहे, असें समजावें. एका देहानें दोन आसनें अडवूं नयेत.

पैसे भरून प्रवेश घेतला, म्हणून सर्व सामान आपलें, हा युक्तिवादहि टिकत नाहीं. मार्च २०२३ पासून एस. टी. मध्यें स्त्रियांना अर्धें भाडें पडतें. त्यामुळें त्यांना अर्धेंच आसन मिळावें, असें कोणी म्हणत नाहीं. मग अधिक पैसे देणाऱ्यास अधिक आसनें कां मिळावीं?

मुलांना आपण “पाय खालीं घे” असें सांगतों, आणि कारण विचारल्यास “लोक काय म्हणतील” असें म्हणतों. हें कारण लोक नसतांना निरुपयोगी ठरतें. “येथें अजून कोणी यावयाचें आहे” हें कारण मात्र रिकाम्या खोलींतहि खरें असतें.