वाट पाहणे आणि वाट पाहायला लावणे

आमच्या घरी भिंतीवर एक स्मार्ट टीव्ही आहे. २०२१ च्या दिवाळीत चिरंजीवांनी आणला. पूर्वीच्या संचात चित्र आणि आवाज, एवढेच काय ते असे. या संचाच्या पोटात फोनमध्ये असते तशी ऑपरेटिंग सिस्टीम असते, आणि तिची नवी आवृत्ती अधूनमधून इंटरनेटवरून घरबसल्या येते. तिला अपडेट म्हणतात. येते म्हणजे यायला पाहिजे. येईपर्यंत वाट पाहायची. त्या वाट पाहण्याविषयीच आज चार शब्द लिहायचे आहेत. विषय क्षुल्लक वाटेल, पण वाचकांनी थोडा धीर धरावा.

आमच्या संचाला पहिल्यापासून एक खोड आहे. बाहेरचा स्पीकर जोडला की चित्र पुढे आणि आवाज मागे. बातम्या ऐकताना ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. पण कीर्तन लावले की पखवाजावर हात पडलेला दिसतो आणि थाप मागाहून ऐकू येते. जन्मभर पखवाजाच्या शेजारी उभे राहिलेल्या माणसाला हे सोसवत नाही. डोळे मिटून ऐकावे तर मग टीव्ही कशाला, रेडिओ काय वाईट होता? चिरंजीवांनी तक्रार नोंदवली. कंपनीचे उत्तर आले की हा दोष पुढील अपडेटमध्ये दूर होईल, आणि अपडेट लवकरच येत आहे. हे उत्तर २०२२ च्या श्रावणातले.

तेव्हापासून नातवाचा एक नेम झाला. रविवारी सकाळी संच लावायचा, सेटिंग्जमध्ये शिरायचे आणि अपडेटचे बटण दाबायचे. पडद्यावर एक चक्र फिरते आणि अक्षरे येतात: आपली प्रणाली अद्ययावत आहे.

“आजोबा, नाही आलं अजून.”

“अरे, पण तो तर अद्ययावत आहे म्हणतोय!”

“त्याच्यापुरता आहे. आपल्या मॉडेलला जेवढं पाठवलं, तेवढं आलंय, असं म्हणतो तो.”

मला गंमत वाटली. अद्य म्हणजे आज, यावत् म्हणजे पर्यंत. आजपर्यंतचे ते अद्ययावत. पण कोणाच्या आजपर्यंतचे? अँड्रॉइड टीव्हीची तेरावी आवृत्ती गूगलने २०२२ च्या डिसेंबरात काढली, चौदावी २०२४ च्या मे महिन्यात जाहीर केली. आमचा संच अकराव्या आवृत्तीवर बसून सांगतो की मी आजचा आहे. त्याचे बोलणे खोटे म्हणता येत नाही, आणि खरे म्हणायला जीभ उचलत नाही. धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला तो अशाच एका बोलण्याने.

आता यात कंपनीचीही बाजू आहे. पूर्वपक्ष पुरता मांडल्यावाचून उत्तराला हात घालू नये, असे आम्हाला पाठशाळेत शिकवले. तो असा. मूळ प्रणाली गूगल तयार करते, पण ती जशीच्या तशी कोणत्याही संचात चालत नाही. संचातली चिप निराळ्याच कंपनीची असते, मीडियाटेकसारख्या. त्या चिपशी नव्या प्रणालीचे जुळवून द्यायचे काम चिपवाल्यांचे. मग संच बनवणारी कंपनी त्यावर आपले काम चढवते, एकेका मॉडेलवर तपासून पाहते आणि आधी थोड्या घरी, मग पुष्कळ घरी, असे टप्प्याटप्प्याने पाठवते. हा उशीर कमी व्हावा म्हणून गूगलने २०१७ साली ‘प्रोजेक्ट ट्रेबल’ नावाची रचना आणली आणि चिपवाल्यांचा भाग मूळ प्रणालीपासून वेगळा काढला. उशीर कमी झाला, संपला नाही. बरे, घाई करावी तर त्यातही धोका. त्याच वर्षी ऑगस्टात सॅमसंगच्या एका अपडेटने ब्रिटनमधले त्याच कंपनीचे काही नवे कोरे संच निकामी केले. तेव्हा पंगत बसली म्हणून कच्चा भात वाढू नये, हे कंपनीचे म्हणणे मला मान्य आहे. तपासायला वेळ लागतो तो लागू द्यावा.

पूर्वपक्षाचा दुसरा मुद्दा याहून भारी आहे. तुम्ही संच पाहून घेतलात, पसंत करून घेतलात, मोल दिलेत, माल नेलात. व्यवहार तिथेच पुरा झाला. अपडेट फुकट मिळते. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत.

यावर विचार करताना मला नारदस्मृती आठवली. तिथे व्यवहाराची, म्हणजे कज्जेखटल्यांची, अठरा पदे सांगितली आहेत. त्यांत ‘क्रीत्वानुशय’ म्हणून एक आहे: वस्तू विकत घेऊन मागाहून पस्तावणे. आणि तिथेच दुसरे आहे ‘विक्रीयासंप्रदान’: विकून, मोल घेऊन, वस्तू हाती न देणे. कंपनी म्हणते की आमचे गिऱ्हाईक पस्तावले आहे. गिऱ्हाईक म्हणते की विकलेली वस्तू अजून पुरती माझ्या हाती आलेली नाही. दोघांच्या भांडणाचा निवाडा एकाच प्रश्नावर ठरतो: विकताना त्या येणाऱ्या गोष्टीचे नाव घेतले होते काय?

घेतले नसेल, तर गिऱ्हाइकाने गप्प बसावे. शेजारच्या घरी चौदावी आवृत्ती आली, मला का नाही, ही तळमळ पुष्कळांना लागते. काल रात्रीपर्यंत जो संच उत्तम चालत होता तो सकाळी एकाएकी जुना वाटू लागतो. संचात रात्रीतून काही बिघडलेले नसते. या दुखण्यावरचे औषध कंपनीकडे नाही.

पण नाव घेतले असेल, आणि दुकानातल्या पाटीवर, खोक्यावर किंवा तक्रारीच्या उत्तरात बहुधा घेतलेलेच असते, तर ती धर्माची गाय राहत नाही. ती विकलेली गाय होते, आणि तिचे दात मोजायचा हक्क आहे. शिवाय विक्रीबरोबर संबंध तुटला हे म्हणणे कंपन्यांच्या स्वतःच्या वागणुकीशी जुळत नाही. संच घरी आल्यावरही पडद्यावर जाहिराती येतात, त्यांचे पैसे कोणाला मिळतात? अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने १ कोटी १० लाख संचांवरून, लोक काय पाहतात याची माहिती त्यांना न विचारता गोळा केली, असा आरोप तिथल्या सरकारी आयोगाने ठेवला, आणि २०१७ च्या फेब्रुवारीत २२ लाख डॉलर भरून तिने ते प्रकरण मिटवले. लाभ घ्यायला संबंध आहे आणि देणे द्यायला नाही, हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

कोणी म्हणेल, महाराज, तुमच्यासारख्याने वाट पाहण्याची कुरकुर करावी? आपल्या संप्रदायाचे दैवतच मुळी वाट पाहत उभे आहे! खरे आहे. पण ती कथा नीट आठवून पाहा. देव दारात आले तेव्हा पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता. कारण डोळ्यांसमोर होते, लपवलेले काही नव्हते. आणि त्याने देवांना उभे राहायला वीट दिली. ‘लवकरच येतो’ असे म्हणून तो घरात दडून बसला नाही. थांबवणाऱ्याने थांबणाऱ्याच्या पायाखाली काहीतरी द्यावे लागते. कारण सांगावे, मुदत सांगावी, तेही जमत नसेल तर होणार नाही एवढे तरी सांगावे. नुसते ‘लवकरच’ म्हणजे पायाखाली वीट नाही आणि वर म्हणायचे, उभे राहा.

ही वीट आता काही ठिकाणी मागितली जाऊ लागली आहे. युरोपीय संघात १ जानेवारी २०२२ पासून असा नियम लागू आहे की अशा वस्तूला गिऱ्हाईक रास्तपणे अपेक्षा करील तितका काळ, ती नीट चालावी म्हणून लागणारी अपडेटे मिळाली पाहिजेत, आणि ती जबाबदारी विकणाऱ्यावर आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सुरक्षेची अपडेटे निदान कधीपर्यंत मिळतील ते उत्पादकाने जाहीर करावे लागते. एलजीने २०२४ च्या जानेवारीत आपल्या निवडक संचांना पाच वर्षे नव्या आवृत्त्या देण्याचे जाहीर केले. सॅमसंगने त्याच वर्षी सात वर्षे म्हटले. वर्षे थोडी की फार हा वाद पुढचा. आकडा सांगितला म्हणजे माणसाला घ्यायचे की सोडायचे ते ठरवता येते, हे मोठे काम झाले.

कारण वाट पाहणे फुकट नसते. गेल्या महिन्यात नातवाने एक लहानशी पेटी आणली (पेटी म्हणजे बाजाची नव्हे, टीव्हीला जोडायची) आणि स्पीकर थेट तिला जोडला. हात आणि थाप एका वेळी आली. मला तर भरून आले. नंतर कळले की तशी पेटी २०२२ सालीही बाजारात मिळत होती. आम्ही घेतली नाही, कारण अपडेट लवकरच येणार होते.

इथवर लिहून झाले आणि माझी लेखणी अडली. गोदाकाठच्या एका गावचे वृद्ध वारकरी तीन वर्षे मला फोन करीत आहेत. “महाराज, यंदाच्या सप्ताहात काल्याचं कीर्तन तुमचंच. तारीख तेवढी द्या.” मी दर वेळी म्हणतो, “पाहू, लवकरच कळवतो.” माझे गुडघे आता दोन तास उभे राहू देत नाहीत, हे मला तीन वर्षांपूर्वीच ठाऊक होते. पण नाही म्हणवत नव्हते. एकदा नाही म्हटले की पुन्हा कोणी विचारणार नाही, ही भीती होती, दुसरे काय?

लेख तसाच ठेवला आणि त्यांना फोन लावला. म्हटलं, “माझ्याच्यानं आता उभं राहवत नाही. माझ्याकडून होणार नाही हे. आधीच सांगायला पाहिजे होतं.”

पलीकडे थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग ते म्हणाले, “बरं झालं सांगितलंत, महाराज. तुम्ही कळवतो म्हणाला होता, म्हणून आम्ही दुसऱ्या कुणाला विचारलंच नव्हतं. तीन सालं काल्याचं कीर्तन झालंच नाही गावात. नुसतं भजन करून दहीहंडी फोडली.”